रिकाम्या बाजूची मूठ

मी फिटर माणूस. मशीन बंद पडलं की बाकीचे लोक लिंबू-मिरची शोधायचे आणि मी पाना शोधायचो, आमच्यात एवढाच फरक. भूतबाधा, झपाटलं, अंगात आलं... असल्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जात असे, अजूनही जातो. वाचकांच्या अनुभवांच्या या सदरात लोक काय काय लिहितात ते माझी नात मला वाचून दाखवते. पिंपळाखालची बाई, रस्त्यात हात दाखवून गाडी थांबवणारा म्हातारा – आणि मी हसतो. परवा तिनं मध्येच विचारलं, "नाना, तुमच्या बाबतीत कधीच काही झालं नाही?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसाच बसून राहिलो. पोरगी हुशार, तिनं ओळखलं. तेव्हा आता बोलतोय मी आणि टाइप करतेय ती. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या.

गाव नवापूर. आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. दुसऱ्या लढाईची मधली वर्षं. मुंबईवर बॉम्ब पडणार या भीतीनं तिथल्या एका शेठनं आपला कागद कापायचा छोटा कारखाना उचलून आमच्याकडे आणला होता. स्टेशनच्या पुढे मालाचे डबे उभे करायचा बाजूचा रूळ होता, साइडिंग म्हणत त्याला. त्याला लागून पत्र्याची शेड, आणि मागं थोडं चाललं की रंगावली नदी. आमचं मुसलमान घराणं नवापुरात जुनं, वडील लोहारकाम करायचे, मी नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरचं काम शिकून आलो होतो. शेठला माणूस हवा होता, मला पगार हवा होता. जमलं.

लांबच्या गिरण्यांतून मालगाडीनं कागदाचे रोल यायचे. आत ते कापून, त्यावर रेघा मारून वह्या आणि पाकिटं बनायची. कागद म्हटलं की लोकांना हलकं वाटतं. अहो, गुंडाळलेला कागद म्हणजे नुसता दगड! एकेक रोल बारा-पंधरा मणाचा. उभा केला तर माझ्या छातीला लागायचा. अंगावर आला तर माणसाची भाकरी व्हायची.

तो उतरवायला आमच्याकडे हातानं चालवायची क्रेन होती आणि ती सगळी माझ्या ताब्यात. हिच्याबद्दल मला नीट सांगू द्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जमिनीत रोवलेला जाड लोखंडी खांब, त्याला बाजूला वळणारा एक हात, त्या हातावरून तारेचा दोर. रोलच्या मधल्या भोकातून लोखंडी सळई घालायची, सळईच्या दोन टोकांना फास, फास हुकात. खाली खांबाला दातेरी चाकं आणि दोन हँडल – एक या अंगाला, एक त्या अंगाला, दोन्ही एकाच दांड्यावर. एक फिरलं की दुसरं फिरणारच. वर चढवताना दातेरी चाकावर एक खिट्टी टक-टक करत पडायची, त्यामुळे हात सुटला तरी वजन मागे येत नसे. पण खाली सोडताना ती खिट्टी उचलावी लागे. मग सगळा भार हँडल धरणाऱ्या हातांवर. ब्रेकचा पट्टा होता, पण तो झिजून चामड्याची चिंधी झाला होता आणि लढाईत नवा मिळत नव्हता. म्हणून चढवण्यापेक्षा उतरवणं वाईट. हँडल हातातून निसटलं तर ते गरगर उलटं फिरतं, आणि समोरच्याचा जबडा, हात, जे सापडेल ते तोडतं.

आता हँडलची मूठ. लोखंडी दांड्यावर लाकडाची पोकळ नळी बसवलेली असते. सायकलच्या पॅडलचं कसं असतं? पाय ठेवला तर पॅडल सपाट राहतं आणि दांडा फिरतो. तसंच हे. मूठ हातात धरली तर ती हातात स्थिर राहते. कुणी धरली नाही, तर ती दांड्याबरोबर कोलांट्या खाते. एवढं लक्षात ठेवा.

हँडलवर माणसं घ्यायची पद्धत आमच्याकडे वेगळी होती. डोंगराकडची माणसं मजुरीला जोडीनं येत, म्हणजे नवरा-बायको. मुकादम भिका आप्पा हँडलवर जोडीच ठेवायचे. एकमेकांच्या हाताचा अंदाज असतो, बोलावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं आणि ते बरोबर होतं. अनोळखी दोघं लावले की हँडल झटके खायचं. जोडीतलं एक माणूस गेलं की जागा गेली, दुसरी जोडी यायची. शेडच्या मागची झोपडीही त्या जागेबरोबरच.

आमच्या हँडलवर शिमोन आणि रूथ होते. चिंचपाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची ख्रिस्ती माणसं. भात निघालं की मजुरीला यायची. घरात मावची बोलायची, आमच्याशी अहिराणी. रूथ बोलायची आणि शिमोन हँडल फिरवायचा, असं सगळे म्हणायचे. बाईच्या जिभेला खिट्टी नव्हती! मी ग्रीसचा डबा घेऊन आलो की ती म्हणायची, "ऊना पहा मिस्तरी, तोंडलेबी लायी ऊना!" आणि खरंच माझ्या गालावर काळं लागलेलं असायचं. शिमोन नुसता गालात हसायचा. त्याच्या बाजूची मूठ चिरली होती, तळव्याला चिमटा घ्यायची. नवी करून देतो म्हणालो तर नको म्हणाला. त्यानं रूथच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मुठीवर गुंडाळला आणि वर घट्ट गाठ मारली. काम करताना ती गाठ त्याच्या अंगठ्याशी वर उभी असायची. कोंबड्याचा तुरा म्हणायचो आम्ही तिला.

दिवाळीनंतर नवापुरात तापाचे दिवस येतात. त्या साली शिमोनला हिवतापानं धरलं. साधा नव्हे, डोक्यात जाणारा. थंडी वाजायची तेव्हा झोपडी हलायची. हिवतापावरचं कोयनेल लढाईमुळे औषधालासुद्धा मिळेना. शेवटी त्याचा मामा बैलगाडी घेऊन आला, त्याला घरी आईकडे न्यायला.

गाडीत निजवला तेव्हा मी तिथेच होतो. तो रूथला हळू आवाजात काहीतरी म्हणाला आणि ती एकदम उसळली. इतकी भांडली... आजारी माणसाशी कुणी असं भांडतं का? मी मध्ये पडलो तर माझ्यावर आली. "इचारा तेले काय म्हनस तो! म्हनस, तू दुसरी जोडी कर. मी काय आते उठत नही." आणि रडायला लागली. शिमोननं तोंड फिरवून घेतलं. गाडी गेली.

नंतर मला म्हणाली, "मिस्तरी, तेले वाटस तो ओझं व्हयी गया. जागा गयी असं तेले समजनं ना, तं तो मरीच जाई. मन्ही जागा ऱ्हायनी पाहिजे." तिला त्याच्याजवळ जायचं होतं, जीव तिकडे अडकला होता, पण जागा धरून ती इथं बसली. मला फार वाईट वाटलं. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं, पण असं माणूस आपल्यालाही मिळावं असं वाटलं, हे आज सांगायला हरकत नाही. (नात हसतेय.)

थोडे दिवस मालगाडीच आली नाही, म्हणून निभावलं. मग एक दिवस सकाळी रोलांनी भरलेला उघडा डबा साइडिंगला लागला. भिका आप्पा वाईट माणूस नव्हते हो. पण डबा रिकामा करून द्यायचा होता, आणि रेल्वेवाले डोक्यावर बसलेले. ते तिला म्हणाले, "बाई, देख, जागा जोडीनी शे. तू कोना संगे तरी लाग, नही तं मी दुसरी जोडी बलावस."

"कोना संगे नही लागाव मी."

"मंग रोल काय डब्बामाच ठेवू?"

ती म्हणाली, "हाऊ पहिला रोल मी एकली उतारसू. कोनी हात लावाना नही. उतारा तं तो येवालगून जागा मन्ही. नही उतारा तं मी आते निंघी जासू."

तो परत येईपर्यंत जागा तिची, अशी पैज! लोक हसले. आप्पाही हसले, आणि हसता हसता हो म्हणून बसले. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "आप्पा, ब्रेक नाही त्याला! चढवील ती, दातेरी चाकं आहेत, दमून दमून चढवील. उतरवणार कशी? मरेल ती!" आप्पांचा चेहरा उतरला, पण चार माणसांत शब्द गेला होता. आणि रूथ तर पदर खोचून हँडलला उभी राहिलीसुद्धा. तिला मी म्हणालो, "वेडी आहेस का तू?" ती म्हणाली, "व्हय."

भर दुपारची वेळ. थंडीचे दिवस, ऊन स्वच्छ पडलेलं, पण क्रेनचा खांब शेडच्या सावलीत, तिथं लोखंडाला हात लावला तर गार लागायचं. खाली चार चाकांचा ठेला लावला आणि माणसं लांब केली. मी मात्र रिकाम्या हँडलपाशी जाऊन उभा राहिलो. क्रेन माझी होती, मला कोण हलवणार!

तिनं चढवायला सुरुवात केली. टक... टक... टक. एका वळशाला थांबायची, खिट्टीवर भार टाकून श्वास घ्यायची, पुन्हा. समोर शिमोनचं हँडल रिकामंच फिरत होतं. इतक्या दिवसांत मुठीत माती जाऊन ती दांड्यावर आवळली होती, त्यामुळे तिच्यावरची ती गाठ वर, मग खाली, मग वर – दांड्याबरोबर कोलांट्या खात होती. हे मी नीट पाहिलं. फिटरची नजर तिथेच जाते, माणसाच्या तोंडाकडे नंतर.

रोल डब्याबाहेर आला. दोघांनी लांबून दोरीनं क्रेनचा हात वळवून तो ठेल्याच्या वर आणला. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर तो लटकत होता. आता उतरवायचं. रूथचा खालचा ओठ दातात होता. मी म्हणालो, "पुरे झालं. मी धरतो."

"हात लावू नका!" ती किंचाळली. "जागा जाई!"

आणि तिनं खिट्टी उचलली.

पहिला अर्धा वळसा तिनं धरला, कसा ते तिलाच माहीत. मग तिच्या पायाखालची खडी सरकली. अनवाणी पाय घसरला आणि ती एका गुडघ्यावर आपटली, मान खाली, डोळे मिटलेले, हात अजून हँडलला. पुढं काय होणार हे मला ठाऊक होतं. बारा-पंधरा मण खाली ओढतायत, ब्रेक नाही, खिट्टी नाही, गुडघ्यावर पडलेली एक बाई. हँडल सुटणार आणि वर येताना तिचं तोंड फोडणार.

ते सुटलं नाही.

ते सावकाश झालं. शिमोन असताना जसं व्हायचं तसं, दमानं, न हिसकता. आणि माझी नजर रिकाम्या मुठीवर गेली. गाठ वर होती. दांडा खाली गेला, गाठ वरच. दांडा पलीकडून वर आला, गाठ वरच! मूठ कोलांट्या खात नव्हती. ती स्थिर होती आणि दांडा तिच्यातून फिरत होता. मूठ असं फक्त एकाच वेळी करते, ते मघाशी सांगितलंच आहे.

या अल्लाह... मला विचार करायला वेळ नव्हता. जागा जाओ नाहीतर राहो, बाई मरते आहे, एवढंच डोक्यात आलं आणि मी उजवा हात टाकला त्या मुठीवर.

माझी बोटं लाकडावर पडलीच नाहीत. मध्ये काहीतरी होतं. दिसत काही नव्हतं, मूठ आणि चिंधी तेवढी दिसत होती. पण माझ्या हाताखाली हाडं होती, बोटांच्या मागच्या बाजूची, ताणलेली. आणि चटका बसावा इतकी ऊब. विस्तवाची नव्हे. तापलेल्या माणसाच्या अंगाला हात लावला की लागते ना, तशी कोरडी ऊब. त्या गार सावलीत. मी हात घट्ट आवळला – घाबरल्यावर माणूस सोडतो की आवळतो ते त्याच्या हातात नसतं – आणि मग झटक्यानं मागे घेतला.

आता तुम्ही म्हणाल, मिस्तरी, तुम्हीच धरलंत की हँडल, त्यात काय आश्चर्य? मीही पुढची कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगून पाहिलं. पण वजन धरलं की खांद्याला कळतं. माझ्या खांद्याला काहीच आलं नाही. माझ्या वाटेचं वजन उरलंच नव्हतं. आणि मी हात काढल्यावरही हँडल तसंच दमानं फिरत राहिलं, रोल ठेल्यावर टेकेपर्यंत. टेकला तेव्हा फळी करकरली एवढंच. मग गाठ सैल पडल्यासारखी एका अंगाला कलंडली.

भिका आप्पा आणि बाकीचे रोलच्या पलीकडे होते. त्यांना मी हात घातलेला दिसला नाही, काहीच दिसलं नाही. त्यांनी एवढंच पाहिलं की रोल खाली आला. एकच गलका झाला! आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "बाई, जागा तुन्ही. तो येवालगून कोनी मागाव नही." रूथनं डोळे उघडले, ठेल्यावरच्या रोलकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. आणि तिथंच खडीवर बसून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच घोळत होतं. ती ऊब. मला वाटलं, शिमोन गेला. अशा गोष्टींवर विश्वास नसणाऱ्या माझ्या मनात पहिला विचार हाच आला, याची आजही लाज वाटते. मी आप्पांना म्हणालो, मला चिंचपाड्याला जाऊन यायचं आहे. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराकडे कोयनेलच्या चार गोळ्या लपवलेल्या होत्या, त्या हट्टानं काढून घेतल्या. बाकीचे रोल आप्पा दुसऱ्या गड्यांकडून उतरवून घेणार होते, आणि ते गोदामात लावायला त्यांनी रूथला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं होतं. ती म्हणाली, "मिस्तरी, तेले सांगा, जागा ऱ्हायनी. सांगा, रूथनी एकलीनी रोल उतारा." हात तरी धुवायचा, तेही न करता मी दुपारच्या पॅसेंजरमध्ये चढलो.

स्टेशनपासून पाड्यापर्यंत चालताना मी रडण्याचा आवाज येतो का ते ऐकत होतो. नव्हता. शिमोनची आई अंगणात सुपानं भात पाखडत होती. मला पाहून उठली आणि म्हणाली, "बरं शे पोराले. दुपारी लई तापना, मंग एकदम घाम सुटना. पानी पानी. आते थंडा शे. येशूबापनी किरपा." तिनं स्वतः त्याचं अंग पुसून, दुसरं धोतर नेसवून त्याला निजवलं होतं.

मी दारातच टेकलो. म्हातारीनं पाणी दिलं.

आत कुडाच्या भिंतीतून उजेड येत होता. शिमोन गोधडी घेऊन पडला होता, गालफडं आत गेलेली, पण डोळे स्वच्छ. मी त्याच्याजवळ बसलो. कसं सांगावं ते कळेना, म्हणून निरोप होता तसाच दिला. "जागा राहिली बाबा तुमची. रूथनं एकटीनं रोल उतरवला."

त्याला नवल वाटलं नाही. आढ्याकडे पाहत तो हळूच हसला. "व्हय," म्हणाला. "एकलीनीच."

आणि उजवा हात गोधडीच्या आत ओढून घेतला. लपवल्यासारखा. मला राहवेना. मी गोधडी बाजूला केली आणि तो हात धरून उजेडाकडे वळवला.

हाताच्या पाठीवर काळे डाग होते. ग्रीसचे. वरून कुणीतरी हात ठेवून आवळला तर चार बोटं उमटतील तसे चार पट्टे. तीन लांब होते आणि मधला अर्धा. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण माझ्या नातीलासुद्धा आता त्याचं काही वाटत नाही इतकं ते जुनं आहे – माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट जिनिंगमध्येच अर्धं गेलेलं आहे.

मी माझा हात त्याच्या हातावर ठेवून पाहिला. एकेक बोट जागच्या जागी बसलं. अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. भीती नव्हती ती, खरं सांगतो. मला त्या माणसाच्या पायांना हात लावावासा वाटला.

"शिमोन," मी म्हणालो, "हे काय आहे रे?"

"मले काय माहीत मिस्तरी." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी आठेच पडेल व्हतू. भलतं जड व्हतं, तेवढंच याद शे." मग म्हणाला, "तिले सांगू नका."

"का? तिला कळायला नको?"

"नको. तिनी एकलीनी उतारा. मी ऱ्हायनू नही तं..." त्यानं गोधडीचं टोक तोंडात ओलं केलं आणि ते डाग घासून पुसायला लागला. ग्रीस असं निघत नाही हो. शेवटी मी त्याच्या आईकडून चुलीतली राख आणली आणि आम्ही दोघांनी मिळून तो हात साफ केला. रूथ काम उरकून यायच्या आत.

पुढचं साधंच आहे. नाताळापर्यंत शिमोन हिंडू-फिरू लागला आणि नंतर हँडलवर परत आला. "दुसरी जोडी कर" हे तो पुन्हा कधी बोलला नाही. लढाई संपल्यावर शेठनं कारखाना मुंबईला परत नेला, क्रेनही नेली. शिमोन-रूथ आपल्या शेतावर गेले. बाजारात, कुणाच्या लग्नात भेट व्हायची. चार माणसं जमली की रूथ रोलची गोष्ट सांगायचीच. दरवर्षी रोल मोठा व्हायचा. शेवटी शेवटी तो मालगाडीच्या डब्याएवढा झाला होता! मग ती माझ्याकडे वळून म्हणायची, "इचारा मिस्तरीले!" आणि मी म्हणायचो, "हो, एकटीनं. मी स्वतः पाहिलं." शिमोन खाली बघून गालात हसायचा.

मी फिटर असल्यामुळे खूप डोकं लावलं. मूठ का फिरली नाही? माती अडकली असेल, पण मातीनं तर ती दांड्याला चिकटून फिरायला हवी, स्थिर कशी राहील? ब्रेकचा पट्टा अचानक लागला असेल? दुसऱ्याच दिवशी मी तो खोलून पाहिला, काही नव्हतं. ग्रीस कुणी लावलं असेल? कुणी, कधी, आणि माझं तुटकं बोट कुठून आणलं? डॉक्टर, मास्तर, एक मौलवीसाहेब, एक पाद्री... नावं न सांगता सगळ्यांना विचारून झालं. कुणाचंच उत्तर हँडलला बसत नाही.

म्हातारपणी शिमोन गेला. मला उशिरा कळलं. माझ्या मुलाला घेऊन मी पाड्यावर गेलो. रूथ ओट्यावर बसली होती, केस पांढरे, पाठ वाकलेली. आयुष्यात पहिल्यांदा ती बोलत नव्हती. तिची मुलं शहरात होती, आमच्याकडे चला म्हणत होती, ती नको म्हणत होती. मला वाटलं, आता सांगून टाकावं. ज्या दिवशी तुला वाटलं तू एकटी आहेस, त्या दिवशीही तू एकटी नव्हतीस. तिला बरं वाटेल. शब्द अगदी ओठांवर आले होते.

मी तिच्याजवळ बसलो आणि नुसतं विचारलं, "बाई, कसं करणार आता तुम्ही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू पाठ ताठ केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मन्ही फिकीर करू नका मिस्तरी," ती म्हणाली. "मी एकलीनी रोल उतारेल शे. तुम्ही तं देखेल शे. हाई ओझंबी उतारसू."

मी मान हलवली. म्हणालो, "हो बाई. मी पाहिलंय." आणि त्यापुढे एक शब्द बोललो नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती तिथं एकटी राहिली, स्वतःचं शेत करत. आता तीही नाही, म्हणून हे बोललो. कसं झालं ते मला आजही ठाऊक नाही. पण शिमोननं मला गप्प का बसवलं होतं, ते त्या ओट्यावर कळलं.